चौथं रीळ

आमचा मामा थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचा. तीस वर्षं लोकांच्या डोक्यांवरून उजेड सोडला, स्वतःच्या डोक्यात काही फारसा पडला नाही. हे मी प्रेमाने म्हणतेय. मामीही असंच म्हणते.

त्याच्या थिएटरात दर वर्षी एक जुना काळा-पांढरा खुनाचा सिनेमा लागायचा. त्यातला नवरा जुन्या प्रेयसीची पत्रं भिंतीवरच्या घड्याळात, लंबकामागे लपवतो. मामाचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, आणि त्याच्याकडेही तसली अकरा पत्रं. फाडायचा जीव होईना. ही जागा त्याला भारी पटली. पत्रं घरच्या घड्याळात गेली.

पुढे चौथ्या रिळात सिनेमातल्या बायकोला ती सापडतात, हे मामाला माहीत होतंच. म्हणून मामी सिनेमाला आली की तो चौथं रीळ लावायचाच नाही, तिसऱ्यावरून थेट पाचवं. नवरा-बायको हसत चहा पितायत, आणि पुढच्या क्षणी बायको पिस्तूल रोखून उभी. लोक एकमेकांकडे बघायचे. मामी मात्र दर वर्षी डोळे पुसत घरी यायची.

"काय हो, उगाच मेला बिचारा," ती म्हणायची, आणि मामा मान खाली घालून जेवायचा. त्याने एकदा हे सगळं माझ्यापाशी कबूल केलं होतं.

मग थिएटर बंद व्हायचं ठरलं. शेवटचा खेळ तोच, दुपारी तीनचा. मालक हौसेने केबिनमध्ये मामाच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. आता रीळ गाळायचं कसं? मी खाली मामीजवळ होते. पडद्यावर घड्याळ उघडलं, तशी मामीने चष्मा पुसून परत घातला.

बाहेर मामा भेटल्यावर ती त्याला एवढंच म्हणाली, "मारला ते बरं केलं."

"आज तुमच्याकडे राहायला येऊ का गं?" मामा मला वाटेत हळूच विचारत होता. मला त्याची खरंच कीव आली. तीस वर्षांचा संसार अकरा कागदांपायी मोडला, असं त्याने धरूनच टाकलं होतं.

घरात शिरताच त्याने स्वतःच घड्याळ उघडलं, पत्रं काढून मामीपुढे ठेवली. "लग्नाआधीची आहेत. शपथ."

मामीने तिकडे बघितलंही नाही. "वाचलीत मी. पहिल्याच वर्षी. अक्षर छान आहे तिचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. त्याचं काही नाही. पण तो माणूस का मेला, हे तीस वर्षं मला कळू दिलं नाहीत, ते मी विसरणार नाही."

मामा पत्रं गोळा करू लागला. "पण तुला सापडली कशी?"

मामीने खणातून चावी काढली आणि ती खुर्चीवर चढली.

"अहो, या घरात घड्याळाला चावी कोण देतं?"