पाटावरचा नाग आणि काचपेटीतली ती

नागपंचमीला आमच्या गावी पाटावर गंधाने नाग काढतात आणि त्याची पूजा करतात. जर्मनीत ब्राउनश्वाइगला मुलाकडे राहायला गेले त्या वर्षी मी म्हटलं, घरात जिवंत आहे, तर गंधाने कशाला काढायचा? तिथेच माझं चुकलं.

ती सुनेची. बिनविषारी साप, अंगावर विटकरी ठिपके, लांबी माझ्या हाताएवढी, जाडी अंगठ्याएवढी. तिकडे तिला कॉर्ननाटर म्हणतात. आपल्या धामणीची लांबची बहीण, असं सुनेने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणजे मी घाबरू नये. सून तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. लग्नाआधी ती एकटी राहत होती, तेव्हापासूनची ही सोबत. मुलगा मात्र तिची काचपेटी असलेल्या खोलीत पाय ठेवत नसे. तिच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर ठेवायचा छोटा फ्रीजरसुद्धा त्याने तळघरात नेऊन ठेवला होता.

मी धामणी पाहत वाढलेली. गवताच्या गंजीत असायच्याच. त्यामुळे आठवड्याभरात मी तिला हातात घ्यायला लागले. दोघं कामावर गेली की मी आणि ती. मला जर्मन येत नाही, फोन उचलायची भीती, दाराची बेल वाजली तर मी आवाज न करता बसून राही. बेकरीतसुद्धा बोटाने पाव दाखवून घ्यायची. पण तिला मनगटावर घेऊन खिडकीशी उभी राहिले की मला कोणाचा संकोच वाटत नसे. ती काही विचारत नव्हती आणि मी काही चुकीचं बोलत नव्हते.

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी पुरणाची दिंडं उकडली. मुलगा म्हणाला, आज सॅलड पण दाताने तोडून खायचं का? साप दूध पीत नाही हे सुनेने आधीच सांगितलं होतं, म्हणून दूध ठेवलं नाही. पण कुंकू तरी लावावं म्हणून मी काचपेटीचं झाकण उघडलं, चिमटीत कुंकू घेतलं आणि तिच्या डोक्याकडे हात नेला. तिने झडप घातली.

दुखलं म्हणावं तर काटा टोचल्याएवढंच. रक्ताचे बारीक ठिपके आले आणि धुतल्यावर गेले. पण दुसऱ्या दिवशी पाणी बदलायला झाकण सरकवलं आणि माझा हात तिथेच थांबला. आत घालायचाय हे मला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी सून दमून घरी आली, खांद्यावरची बॅग न उतरवता पेटीकडे गेली आणि काही न बोलता पाण्याची वाटी धुऊन भरून ठेवली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्यातच सुनेला कामासाठी पंधरा दिवस बर्लिनला जायचं ठरलं. मुलाने लगेच सांगितलं की बर्लिनमधल्या एका ओळखीच्या मुलीला साप हवाच आहे, ट्रेनमधून पिशवीत घेऊन जा आणि देऊनच टाक. सून म्हणाली, आई आहेत की घरी. मुलगा माझ्या हाताकडे पाहून हसला आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. आई झाकणापर्यंत जाते."

माझ्या तोंडून पटकन शब्द निघतच नाहीत. पण रात्रीची भांडी आवरताना मी सुनेला विचारलं, इतके दिवस चावली नाही, मग पूजेच्याच दिवशी का चावली?

ती म्हणाली, "आई, तिला वरून काही आलं की पक्षी वाटतो. आणि तुम्ही तर चिमूट घेऊन गेलात. चोच दिसली असेल तिला." मग माझ्या हातातलं पातेलं घेत म्हणाली, "तुमचा कॉन्फिडन्स गेलाय फक्त. येईल परत. पण रविवारी मला निघायचंय."

म्हणजे रविवारच्या आत हात परत यायला हवा, नाहीतर पेटीतली ती कायमची जाणार. सून तिला पिशवीत घालून नेईल आणि रिकामी वाटी धुईल, तेव्हाही काही बोलणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घाई केली नाही. नेसून मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून पेटीत ठेवला. दुपारी पाहिलं तर ती त्या घडीत शिरून बसली होती. मी पेटीशेजारी खुर्ची टाकून भाजी निवडायला बसू लागले. मग झाकण उघडून पाणी बदललं. या वेळी हात आत गेला. ती नुसती जीभ काढून पाहत राहिली.

शनिवारी सकाळी देवाजवळ उभी होते. रोजच्या नेमाने तीर्थ घ्यायला तळहात पुढे केला आणि तसाच थांबवला. खोलगट, उताणा, खाली धरलेला. या हाताला कोणी पक्षी म्हणणार नाही. मी तशीच पेटीशी गेले. हात तिच्या पुढ्यात, तळाशी टेकवून ठेवला आणि काहीच केलं नाही. तिने जिभेने बोटं चाचपली. मग हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली आणि मागून सगळं अंग आणलं, थंड आणि कोरडं. मी दुसरा हात तिच्या मधल्या भागाखाली घातला आणि उभी राहिले.

मागे वळले तर दोघंही दारात. मुलगा एक पाऊल मागे सरकला.

"आई, हळू," तो म्हणाला.

"तू हळू," मी म्हटलं. "ती ठीक आहे."

सून खूप हसली. मुलाने बर्लिनच्या मुलीला त्याच दिवशी कळवलं की साप देणार नाही. मी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून कळवलं.

सून गेल्यावर आठवड्याची सफाई माझ्याकडे आली. पेटीतला भुसा बदलायचा म्हणून मी तिला मनगटावर घेतलं होतं आणि नेमकी दाराची बेल वाजली. एरवी मी बसून राहिले असते. पण तिला पुन्हा पेटीत ठेवायचं तर पेटी रिकामी, भुसा पिशवीत. म्हणून तशीच गेले आणि दार उघडलं. पार्सलवाला होता, शेजाऱ्यांचं खोकं आमच्याकडे ठेवायला आलेला. माझ्या मनगटाकडे पाहून तो जिन्याची एक पायरी खाली उतरला.

मी म्हटलं, "कॉर्ननाटर."

घराबाहेरच्या माणसाशी बोललेला माझा पहिला जर्मन शब्द. तो मान हलवून हसला, खोकं दाराशी ठेवलं आणि हात लांब करून सहीसाठी कागद आणि पेन पुढे केलं. ती माझ्या उजव्या हातावर होती, म्हणून तिला डाव्यावर जाऊ दिलं. घाई नव्हती. तो थांबला. मग मी मराठीत सही केली.