लीलाच्या लग्नातली पिवळी साडी

खारेपाटणपासून तीन मैलांवरच्या त्या वाडीत शेवंतीला विचारल्याशिवाय कुठलीही बाई ट्रंकेतून चांगली साडी काढत नसे. शेवंतीची शाळा चौथीपर्यंतची, पण साडीच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे देवाचा कौल. साखरपुड्याला काठ दिसायला हवा, लग्नात पदर दिसायला हवा आणि बारशाला बाळंतीण दिसायला हवी, साडी नव्हे, असं ती बजावायची. माहेरी जाणाऱ्या पोरींना सांगायची, "आवशीक भेटाक जाताना विटकी साडी नेसू नको गो. आवस तोंड मागसून बघता, आधी काठ बघता."

एकदा जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टात निघालेली एक बाई नवी कोरी इरकल नेसून तिला दाखवायला आली. शेवंतीनं तिला तशीच परत धाडली. "जमीन गेली म्हणान रडतस आणि असा नटान जातस? सुती नेस, धुवन, इस्त्री करून. भिकारी दिसाचा नाय, नडलेला दिसाचा."

तिचं खरं राज्य मात्र नवरीच्या खोलीत. तिथे दोन नियम होते. पहिला जुना, सगळ्या मुलखाचा: नवरीला नेसवायची ती सवाष्णीनंच. दुसरा नियम शेवंतीचा स्वतःचा. पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात वराच्या आत्यानं तिनं घातलेल्या निऱ्या नाक मुरडून सोडल्या आणि आपल्या हातानं पुन्हा घालायला घेतल्या. शेवंतीचं डोकं फिरलं. तिनं सगळ्या बायकांसमोर ठोकून दिलं, "एकीन धरलेल्यो निऱ्यो दुसरीन सोडल्यो तर संसार सुटता, म्हायत नाय तुमका?" आत्याबाईंचा हात जागच्या जागी थिजला. त्या दिवसापासून वाडीत ही गोष्ट अशी रुजली की म्हाताऱ्यासुद्धा ती आपल्या आजीकडून ऐकल्यासारखी सांगू लागल्या. ती थाप आहे हे एकट्या शेवंतीला ठाऊक.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात काशिनाथ गुरुजींच्या लीलाचं लग्न निघालं. मुहूर्त अकरा वीसचा. दहा वाजता शेवंती दार लावून नवरीला मामाकडची पिवळी नऊवारी नेसवत होती. स्वतः तिनं जांभळी रेशमी नेसली होती, वर्षातून दोनदाच निघणारी.

"वयनी, माका श्वास घेवक जमणा नाय," लीला म्हणाली.

"आजचो दिवस घेव नको. उद्यापासून घोवाच्या घराकडे घे, होयो तितको."

मागच्या मांडवात बायका नारळ खवत होत्या. त्यांत यशोदेचं हसणं वेगळं ऐकू येत होतं. ती पोपटी साडी नेसून आली होती, शेवंतीनंच निवडून दिलेली. दोघींचे नवरे एकाच आंबेवाल्या शेटचे ड्रायव्हर. यशोदेचा बाबली आणि शेवंतीचा भिकाजी. शेटचे ट्रक दोन, दोन्ही निळे, आणि दोन्ही त्या दिवशी पहाटे आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला सुटले होते.

शेवंतीनं निऱ्या चिमटीत धरल्या होत्या, खोचायच्या बाकी होत्या. तेवढ्यात खिडकीच्या गजाशी वाडीतला लवू दिसला. नाक्यावरून बर्फाची लादी घेऊन आला होता. तो आत बघत नव्हता, नवरीची खोली म्हणून मान वळवून उभा होता.

"शेवंते, हय ये वायच."

निऱ्या न सोडता ती हात लांबवून जमेल तेवढी खिडकीकडे सरकली.

"फोंड्याच्या घाटात ट्रक पडलो," तो पुटपुटला. "आंब्याचो. निळो. तुमच्या शेटचोच म्हणतत."

"खंयचो? दोनातलो खंयचो?"

"माका म्हायत नाय गो. एक पडलो आणि एक वर उभो आसा, इतक्याच सांगल्यानी. ड्रायव्हराचा..." तो अडखळला. "आता कोणाक सांगू नको. लग्नघर आसा."

लवू गेला.

"काय झाला गो?" लीलानं विचारलं.

"काय नाय. बर्फ इलो."

शेवंतीचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. मनगटात हिरव्या बांगड्या, चिमटीत पिवळ्या निऱ्या. हे हात आता सवाष्णीचे आहेत का? की पहाटेच कुठल्या तरी वळणावर ते दुसरे झाले, आणि तिला पत्ताच नाही? मग या हातांनी पोरीला नेसवायचं? सोडून द्यावं तर कुणाकडे द्यायचं? निऱ्या दुसरीनं उचलायच्या नाहीत हे तिनंच सांगून ठेवलेलं. ती थाप होती, हो, थापच होती. पण पंधरा वर्षं सगळ्या वाडीनं खरी मानलेली थाप आज अचानक खोटी कशी ठरवायची? आणि कारण काय सांगायचं? कारण सांगितलं की मागच्या मांडवातलं ते हसणं थांबणार.

तिनं डोळे मिटले. 'देवी आई, माझो नसांदे,' ती मनात म्हणाली. 'माझो नसांदे.'

एवढं म्हणून झालं आणि मग तिला उमगलं, आपण काय मागितलं ते. ट्रक दोनच होते.

बाहेर यशोदा कुणाला तरी म्हणत होती, "अगो, खोबरा खवतस की भिंत खरवडतस?" आणि सगळ्या खिदळत होत्या.

शेवंतीनं निऱ्या खोचल्या. एरवी तिची बोटं आपोआप चालत, आज प्रत्येक बोटाला वेगळं सांगावं लागत होतं. काष्टा मागे नेताना तो दोनदा हातातून सुटला. पदराला पिन लावताना लीला ओरडली.

"वयनी, टोचला! तुजे हात थंड कित्याक?"

"बर्फ बघलंय ना," शेवंती म्हणाली. आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही.

लीलाची आई, कावेरी, दार ढकलून आत आली. लेकीला बघून तिचे डोळे भरले. "लक्ष्मी दिसता गो! चल, मामा दारात उभो आसा. शेवंते, पयला कुंकू तू लाव."

कुंकवाची कोयरी समोर आली. शेवंतीनं हात मागे घेतला. "माझे हात घामान भिजलेसत. कुंकू पसरात. यशोदेक बोलव."

"तुझ्या हाताची सवय आमका..."

"यशोदेक बोलव म्हणतंय ना!"

यशोदा आली, हातावरचं खोबरं पोपटी पदराला न पुसता फडक्याला पुसून. वाकून लीलाला कुंकू लावताना हसत म्हणाली, "शेवंती म्हातारी झाली गो, हात कापतत तिचे." शेवंती भिंतीला टेकून बघत राहिली. आपण हिला पुढे का केलं, हे तिनं स्वतःला विचारायचं टाळलं.

मंगलाष्टकांतला एक शब्दही तिला ऐकू गेला नाही. तिचे कान रस्त्याकडे होते. एक जीप आली, ती वऱ्हाडाची. एक फटफटी आली, ती भटजींच्या भावाची. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि मांडवाच्या कडेला भिकाजी उभा राहिलेला दिसला. शर्ट लाल मातीनं माखलेला, पण आपल्या पायांवर उभा.

ती पंगतीच्या पाटांतून धडपडत त्याच्यापाशी गेली. हात धरायला गेली, तर त्यानं विचारलं, "यशोदा खंय आसा?"

"बाबली जितो आसा?"

"आसा. पेटये घाटातच टाकलंय आणि त्येका माझ्या गाडयेन कणकवलेक दवाखान्यात घेवन गेलंय. शुद्ध नाय. डॉक्टर काय सांगणा नाय. शेटची जीप घेवन इलंय, बेगीन चला."

यशोदेला शेवंतीनं नवरीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "गो, ही साडी बदल."

"आता? पंगत बसता हा."

"बाबलीची गाडी घाटात पडली. जितो आसा. कणकवलेक जावचा आसा आपणाक."

यशोदा रडली नाही. पोपटी पदर मुठीत धरून उभी राहिली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "मगे खंयची नेसू?"

सगळ्या वाडीला सांगणाऱ्या शेवंतीला सांगता येईना. पोपटी नेसून गेली आणि काही वाईट झालं, तर लोक जन्मभर ती साडी काढतील. विटकी, पांढरट नेसवावी तर वाईटाला आपणच आवतण दिल्यासारखं. शेवटी तिनं वलणीवरची कावेरीची धुवट साडी ओढली, लाल काठाची, आणि नेसवायला घेतली.

"तुजो वाचलो ना?" यशोदेनं विचारलं.

"हो."

"बरा झाला गो. एकाक तरी देवान राखल्यान." तिनं हात वर करून कंबर मोकळी केली. "घट नेसव. तुझ्या हाताक यश आसा म्हणतत."

शेवंतीनं वाकून निऱ्या घट्ट खोचल्या.

जीपमध्ये भिकाजी पुढे बसला, त्या दोघी मागे. एकीच्या अंगावर वलणीवरची सुती, दुसरीच्या अंगावर लग्नातलं जांभळं रेशीम. बदलायचं तिला सुचलंच नव्हतं. तळेऱ्याच्या पुढे यशोदेनं तिचा हात घट्ट धरला.

"माझ्या तोंडात देवाचा नावच येणा नाय," ती म्हणाली. "तू सांग गो देवीक. तुजा आयकता ती."

सकाळी देवीनं ऐकलं होतं, त्याचीच शेवंतीला भीती वाटत होती. आता पुन्हा काही मागायचं म्हणजे आधी देवीसमोर तोंड उघडायला हवं होतं.