शास्त्रीबुवांचे गंगाजल

आमच्या ह्यांना खोटे बोलता येत नसे. लोक त्याला मोठा गुण म्हणत. त्यांतल्या कोणालाही अशा माणसाशी संसार करावा लागला नव्हता. कल्याणच्या सरकारी दवाखान्यात हे डॉक्टर होते, आणि दवाखान्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. मधे एकच दार. त्या दारामागे उभी राहून मी सगळ्या गावाची दुखणी ऐकली. दुखणे केवढे आणि कण्हणे केवढे, यावरून माणूस ओळखायला मी तिथेच शिकले.

त्या काळी गावातली जुन्या वळणाची घरे दवाखान्याची पायरी चढत नसत. पाणी कोणी भरले, औषध कशात कालवले, याचा त्यांना भरवसा नसे. गावातले एक मोठे शास्त्रीबुवा तर दवाखान्यावरून जाताना उपरण्याने नाक झाकून घेत. पण त्यांना ताप भरला, तो उतरेना, वैद्यांनी हात टेकले, आणि शुद्ध हरपल्यावर त्यांच्या पुतण्यांनी त्यांना खाटेसकट उचलून आमच्याकडे आणले. हातपाय गार, नाडी सापडेना. ह्यांनी औषधांच्या कपाटातून ब्रँडी काढली आणि पाण्यात घालून चमच्या-चमच्याने पाजायला सुरुवात केली. शास्त्रीणकाकू उशाशी बसून असत. मागच्या अंगणात मी त्यांना चूल मांडून दिली होती, तिथे त्या आपल्या हाताने पेज करीत. औषध मात्र ह्यांच्या हातचे. शास्त्रीबुवा वाचले.

इथवर सगळे ठीक होते. घरी निघायच्या दिवशी शास्त्रीबुवा खाटेवर उठून बसले आणि ह्यांना म्हणाले, “डॉक्टर, तुमची बाकीची औषधं कडूजहर. पण ते एक तांबूस होतं ना, घशातून उतरताना जरा जाळत जायचं, त्यानं अंगात काय ऊब येई हो! त्याची एखादी बाटली घरी न्यायला मिळाली तर बरं.”

दुसरा कोणी असता तर ‘औषध संपले’ म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, “ती ब्रँडी होती, शास्त्रीबुवा.”

मी दारामागे पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. मग फटीतून शास्त्रीबुवांचा चेहरा दिसला आणि माझे हसू आपोआप थांबले. त्यांच्या मुलीचे लग्न ठाण्याच्या एका कर्मठ घरात ठरले होते. बाप दारू प्याला एवढे बाहेर फुटले असते तर ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले असते आणि सोयरीक मोडली असती. मोडलेल्या सोयरिकीच्या मुलीकडे मग कोण बघणार?

“तुमच्या वहीत हे लिहिलंय?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“लिहिलंय. केव्हा दिली, किती दिली, सगळं.”

“मग खोडा.”

“वही मी गावात कोणाला दाखवणार नाही,” हे म्हणाले, “पण खोडणारही नाही. उद्या मी इथं नसलो आणि तुमची नाडी पुन्हा बुडाली, तर नव्या डॉक्टराला कसं कळायचं तुम्हाला काय मानवतं ते? आणि सरकारी दप्तरात खाडाखोड म्हणजे फौजदारी गुन्हा आहे.”

“आमच्या पोटात काय गेलं ते सरकारला कशाला हवं?” असे म्हणून शास्त्रीबुवा उठले आणि काठी टेकत गेले. खरे सांगायचे तर मला त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही. तसे मी रात्रीच्या जेवणाला बोलूनही दाखवले, आणि ह्यांनी ताक मागितले.

आता आमचा कंपाउंडर. औषधे कालवून देणारा हा माणूस हाताने चोख आणि मनाने अतिशय भाविक. शास्त्रीबुवा त्याचे कुळाचे उपाध्याय. त्याच्या वडिलांचे श्राद्ध तोंडावर आलेले. शास्त्रीबुवांनी त्याला घरी बोलावून सांगितले की वहीतला तो शब्द जाईपर्यंत मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही, पितर उपाशी राहिले तर तू जाण. बिचाऱ्याची गाळण उडाली. ह्यांच्या माघारी त्याने चाकूने तो शब्द जागोजाग खरवडला, कागद नखाने घोटून गुळगुळीत केला आणि वर दुसरा शब्द लिहिला.

त्याने दूध लिहिले असते, नुसते पाणी लिहिले असते, तरी कदाचित खपून गेले असते. पण एवढ्या थोर पुरुषाच्या नावापुढे असले साधेसुधे काही लिहायला त्याचा हात धजेना. त्याने इंग्रजी अक्षरांत, वळणदारपणे लिहिले: गंगाजल. दर चार तासांनी, पाण्यातून.

थोड्याच दिवसांत ठाण्याहून मोठा डॉक्टर साहेब तपासणीला आला. साहेबाचे नाक बारा महिने लाल असे, आणि ते सर्दीने नव्हे, हे स्टेशनातल्या हमालांनासुद्धा ठाऊक होते. त्याने वही उघडली, भिंग लावले, आणि हसत हसत ह्यांना विचारले की सरकारने गंगेच्या बाटल्या कधी विकत घेतल्या? मग त्याने कपाट उघडले. ब्रँडीच्या बाटल्या रिकाम्या, आणि ती कोणा रोग्याला दिल्याची वहीत नोंद नाही. साहेबाचे हसू मावळले. म्हणाला, सरकारी ब्रँडी पिऊन वर कागद खरवडणारा डॉक्टर मला नको, संध्याकाळच्या आगगाडीच्या आत काय तो खुलासा करा, नाहीतर नोकरी गेली समजा.

हे आत आले आणि मला सगळे सांगून पाटावर बसून राहिले. त्यांनी आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकले नव्हते. त्यांना दारुडा म्हटलेले ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि लगोलग रागही आला. कंपाउंडर कोपऱ्यात बसून रडत होता. खरवडल्याचे तो कबूल करीत होता, पण कोणासाठी म्हटले की ओठ घट्ट मिटून घेई. “शास्त्रीबुवांचं नाव सांगा ना साहेबाला,” मी म्हटले.

“वही गावात कोणाला दाखवणार नाही, असं मी त्यांना सांगितलंय,” हे म्हणाले. “साहेबानं पान पाहिलं, तो त्याचा अधिकार. पण मी सांगितलं की तो खात्री करायला शास्त्रीबुवांनाच इथं बोलावणार, आणि व्हरांड्यात गाव बसलंय. तिथं नाव घेऊन मी त्या मुलीचं लग्न मोडू?”

खोटे लिहायचे नाही आणि खरे सांगायचे नाही! मी चपला घातल्या आणि मागच्या गल्लीने शास्त्रीबुवांच्या घरी गेले. शास्त्रीबुवांना साहेब आल्याची बातमी लागलेली होती. त्यांनी सकाळपासून मौन धरले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवले, आकाशाकडे हात केले आणि डोळे मिटले. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना सगळे सांगितले.

काकू तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. “डॉक्टरीणबाई, मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होते. मला वास कळला नसेल? पहिल्याच चमच्याला कळला. मी तोंड फिरवून बसले आणि म्हटलं, देवा, चालू दे.”

त्या उठल्या, लुगड्याचा पदर आवळला, आणि दिवसाढवळ्या पुढच्या दाराने, रस्त्यातून, माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. आमच्या दारामागे उभ्या राहिल्या. साहेबाकडे बघितले नाही, पण आवाज असा लावला की व्हरांड्यातला बहिराही दचकला. “साहेबाला सांगा, ती दारू डॉक्टरांनी प्यायली नाही. आमच्या घरच्यांना पाजली. ती पाजली म्हणून आज माझ्या कपाळाला कुंकू आहे.”

ह्यांनी साहेबाला इंग्रजीत सांगितले. तेवढ्यात उपरणे सावरत, धापा टाकत शास्त्रीबुवा आले. बायको घराबाहेर पडली तेव्हाच मौन सुटले होते म्हणे. साहेबाने त्यांना विचारले, खरे काय? शास्त्रीबुवांनी व्हरांड्याकडे पाहिले. तिथे ब्रह्मवृंदातले दोघे खोकल्याचे औषध घ्यायला चोरून आलेले होते. ते तोंड लपवायला जागा शोधत होते.

“प्यालो,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आणि वर आणखी मागितली.”

साहेब खदखदून हसला. मग गंभीर होऊन त्याने खरवडलेल्या जागेला हात लावू दिला नाही. ती तशीच ठेवायची, खाली खरे काय ते लिहायचे आणि सगळ्यांनी सही करायची. कंपाउंडरला तो तुरुंग दाखवणार होता. ह्यांनी रदबदली करून त्याला ताकिदीवर सोडवले. माझ्या हातात असते तर निदान एक रात्र बसवून ठेवला असता.

ठाण्याचे व्याही आठ दिवस फुरंगटले, मग म्हणाले की प्रायश्चित्त घ्या, लग्न होईल. शास्त्रीबुवांनी क्षौर केले, होम केला, पंचगव्य प्राशन केले, आणि ब्रह्मवृंदाने ते शुद्ध झाल्याचे जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जुलाब सुरू झाले. पुतण्यांच्या खांद्यावर हात टाकून, पोट धरून ते दवाखान्यात आले. शुद्धी देणारे भटजी काळजीने मागोमाग. ह्यांनी वही उघडली, नाव लिहिले, आणि लेखणी तशीच धरून जरा चाचरत विचारले, “कारण काय लिहू, शास्त्रीबुवा?”

भटजींनी घाईघाईने घसा खाकरला. “शिळं काहीतरी खाल्लं असेल,” त्यांतला एक म्हणाला.

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. “पंचगव्य,” ते म्हणाले. “लिहा, डॉक्टर. दुसरं काही लिहून पोट काय दुखायचं थांबणार आहे?”