मेनाकाकीनं घेतलेलं नाव

"नाव? कुनाचं नाव?" मेनाकाकीनं विचारलं.

"तुमच्या आईचं. मग भावंडांचं. पुढं सगळं घराणं," आन्के म्हणाली. शहरातल्या संस्थेची पोरगी ती. नाझींच्या छावण्यांतून जिते परतलेल्यांचं बोलणं टेपवर धरून ठेवायची. जर्मनीत नेकार नदीकाठच्या आम्हा सिंतींच्या, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्या, वस्तीत तिला माझ्या काकीनंच बोलावलं होतं. छातीचं दुखणं बळावलं होतं, मरायच्या आत एकदा सगळं सांगून टाकायचं होतं.

काकीनं खुर्ची विणायला भिजवलेला ओला वेत टबात आपटला.

"बंद कर त्ये. आमी मेलेल्याचं नाव घेत न्हाई. घेतलं की त्याला निजंतनं वढून काढल्यावानी व्हतंय."

"नावाशिवाय नोंद अपुरी राहते, आजी."

"नोंद! आमची नोंद आदुगरच लई झ्याक झालीया. लढाईच्या वक्ताला तुज्यासारखीच एक बाई आलती. आमच्या भाषेत गोड बोलायची, पोरांस्नी खाऊ वाटायची. कोन कुनाचा, चुलती कुठं ऱ्हाती, समदं आईनं सांगितलं, वर जेवायला वाढून. तिनं फीत लावून आमची डोस्की मोजली. मग त्याच वंशावळीवरनं आउशविट्झच्या गाड्या भरल्या!"

आन्केचं तोंड उतरलं. तिनं विचारलं, "न्यायला कोण आलं होतं?"

"लुडविग हाफेनमायर. पोलीस. आईकडनं टोपल्या फुकट न्यायचा. त्यानंच माज्या धाकट्याला केसाला धरून गाडीत फेकलं."

आन्केनं टेप थांबवली. "हे नाव कापावं लागेल. त्यांची मुलं इथंच राहतात. संस्थेचा नियम आहे."

काकी ताडकन उठली.

"आं? माज्या मेलेल्यांची नावं पायजेत, आन् मारनाऱ्याचं झाकायचं? त्याला पोरं हायती म्हनं! माज्या भावाला नसती व्हय झाली? लढाई संपली तरी त्योच मुडदा टोपी घालून माज्या दारात हुबा, कागदं मागत!"

तिनं यंत्र उचललं, टबातल्या पाण्यावर धरलं. बाजूलाच बसलो होतो, मी झटकन तिचं मनगट धरलं.

"सोड, भाड्या! चाळीस वर्सं ग्येली, आनी किती गप बसू?"

आन्के जागची हलली नाही. "तुमच्या माणसांची नावं विचारणार नाही," ती म्हणाली. "आणि त्याचं कापणार नाही. वरून कापायला सांगितलं, तर टेप इथं आणून देईन."

"वरचे ऐकतील तुजं?"

"माहीत नाही."

काकीनं तिच्याकडं रोखून बघितलं. "ऐकतील म्हनली असतीस, तर बुडवलंच असतं. लाव."

मग काकी बोलली. चिमटा काढून हसवणारी आई. झोपेत दात खाणारा धाकटा. जंगलात लपलेली चुलती. एकाचंही नाव तिच्या ओठांवर आलं नाही. लुडविग हाफेनमायर मात्र दरवेळी पुरा आला, आणि एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या खिडकीतली बाई बाहेर डोकावली. काकीनं तिच्याकडं बघून तेच नाव पुन्हा घेतलं.

टेप संपली. आन्के वायर गुंडाळत राहिली. काकीनं टबातून वेत काढला, टोक दातात धरलं आणि अर्ध्या विणलेल्या खुर्चीच्या भोकातून तो करकचून ओढला.