लिहायची परवानगी

जळगाव जामोदला बसस्टँडमागे आमचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटर ऑफिस. माझी बायको सुनंदा, आमच्याच वयाचा सलीम आणि नावापुरता मी. सुनंदाला जाऊन आता वर्ष होईल. तिचे किस्से मात्र संपत नाहीत. चहागणिक एखादा वाढतोच!

*

शेगावच्या तीन लॉजचं बुकिंग आमच्या वेबसाइटवर चालतं. लिनक्स सर्व्हरवरची कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे सुनंदा ठरवायची. एकदा गिऱ्हाइकांच्या ओळखपत्रांचे फोटो चढेनात. सलीमने वैतागून सगळ्याच फोल्डरांना ७७७ ही परवानगी देऊन टाकली. म्हणजे कोणीही यावं, काहीही करावं! फोटो चढले. सलीम खूश.

"सलीमभाऊ," सुनंदा म्हणाली, "एक खिडकी उघडत नव्हती, तर तुम्ही भिंतच पाडली काय?"

*

एका लॉजमालकांना खोल्यांचे दर स्वतः बदलायचे होते. फोनवर ओरडले, "मी मालक, अन् मलेच परवानगी नाही म्हणते तुमची मशीन!"

"लॉजचे मालक तुम्ही, भाऊसाहेब. फाइलीची मालकीण मी. दर सांगा, आत्ता बदलते."

"हाव, ताई," म्हणाले आणि मुकाट्याने दर सांगितले.

*

वेबसाइटचा मजकूर माझा, म्हणून मलाही बदलायची मुभा होती. एका पानावर त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसल्या. लेखकाचा हात! काढून टाकल्या. तिन्ही लॉजचं बुकिंग बंद!

सुनंदाने प्रोग्रामच्या त्या ओळी परत घातल्या आणि माझी मुभा काढली. "तुम्ही वाचा खुशाल. लिहायचं ते वहीत लिहा."

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणते, "काऊन हो? बोलायची परवानगी थोडीच काढली मी!"

*

परवा जुना सर्व्हर बदलला. सलीमने सगळं नव्या मशीनवर उतरवलं आणि यादी दाखवली. प्रत्येक फाइलपुढे तिच्या मालकाचं नाव असतं. इतकी वर्षं तिथे 'सुनंदा' होतं. आता खालपर्यंत 'सलीम'. वेबसाइट झकास चालत होती. मी "छान" म्हणालो आणि चहा अर्धा ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सलीमने मला मशीनपुढे बसवलं. "पुन्हा उतरवलं, भाऊ. जशाच्या तसं, मालकासकट. काही बदलून पाहा बरं."

मी स्वागताच्या पानावरचा एक शब्द बदलला, सेव्ह करायला गेलो. मशीन म्हणाली, परवानगी नाही.

सलीमने माझा चहा पुढे सरकवला.

"वहिनी अजूनही ऐकून नाही राह्यल्या, भाऊ!"