ठिपक्यांचं चित्र

जगातल्या थोर चित्रकारांच्या शैलीत मुलांकडून चित्रं काढून घ्या, असा आदेश वरून आला तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी नंदुरबारच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. ब्रश म्हणावेत असे ब्रश आमच्याकडे नाहीत. मोबाइलवर शोधता शोधता एक फ्रेंच चित्रकार सापडला, नुसते ठिपके देऊन अख्खं चित्र उभं करणारा. म्हटलं, हा आपल्या कामाचा. बोटं तर देवाने सगळ्यांना दिलीत.

खिचडीच्या ताटल्यांत रंग कालवले, चार-पाच जणांत एक ताटली. मुलं फरशीवर पालथी पडून ठिपके देऊ लागली. त्यांत एक अबोल मुलगी होती. तिची आई मिरचीच्या पथारीवर, म्हणजे गावाबाहेर उघड्यावर मिरची वाळत घालतात तिथे, देठ खुडायला जाते. थंडीत हंगाम असतो, तेव्हा शाळेआधी हीसुद्धा आईजवळ बसून देठ खुडते. तिने कागदभर लाल ठिपके दिले होते आणि त्यांच्यात निळ्या-हिरव्या इवल्या ठिपक्यांच्या बायका बसवल्या होत्या. त्या फ्रेंच माणसाची शैली वर्गात एकट्या हिलाच कळली होती, हे मी छातीठोकपणे सांगते.

मधूनमधून ती दोन्ही हात रंगात बुडवून नुसती बसायची. मला वाटलं, पोर रंगात रमली. रमली कसली, आग होणाऱ्या हातांना रंगाचा गारवा बरा वाटत होता तिला. मिरचीने हात पेटले की आधी तेल चोळायचं आणि मगच पाण्याला शिवायचं, हे नंदुरबारात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या सकाळी तिच्या घरातलं तेल संपलेलं होतं.

थोड्याच वेळात तिच्याच ताटलीवरची एक मुलगी डोळा चोळत रडायला लागली. मग दुसरी. मी त्यांना नळावर नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं आणि रंगवाल्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तेवढ्यात ही मागे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, मन्हा हातले मिरची व्हती."

तिला कोणी विचारलं नव्हतं. खरं बोलावं असं मीच वर्गात रोज सांगते, त्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

संध्याकाळपर्यंत दोघींचे डोळे निवळले, पण गोष्ट घरोघरी पोचली होती. दुसऱ्या दिवशी फाटकाशी दोन बाप उभे, तिला आमच्या पोरांत का बसवता म्हणून जाब विचारायला. एक म्हणाला, "मिरचीवाली पोरले आमना पोरेस्मा काब्र बसाडी ऱ्हायनात तुम्ही?" मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून हंगाम संपेपर्यंत तिला दाराशी वेगळं बसवायला सांगितलं. माझं डोकं फिरलं. ज्या मिरचीवर हे गाव जगतं, ती यांच्या भाजीत चालते आणि ती खुडणारी पोर वर्गात चालत नाही. मी आवाज चढवून भांडले. शेवटी सर म्हणाले, बसवा कुठे बसवायची ती. आपण जिंकलो असं मला वाटलं.

पण ती त्या दिवशी आलीच नाही, नंतरही नाही. आठवडा उलटल्यावर मी रिक्षा करून पथारीवर गेले. ठसक्याने नाकाला पदर लावूनच तिच्या आईला शोधलं. बाई देठ खुडता खुडताच बोलली. "मन्हाच हातनी आग रातभर जात नही, बाई. तिना हातनी कशी जाई? पोरं तिले शिवू देत नहीत. आठे पथारीवरच बरी शे ती."

पोरगी शेजारीच उकिडवी बसली होती. मी म्हटलं, चल, मी सरांशी बोलले आहे, तू माझ्याजवळ बस. तिला उठवायला मी हात पुढे केला, तर तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आते मी कोनलेच हात लावत नही, बाई," ती म्हणाली. "मायले बी नही."