पाक तुकिजानांची लाल झेंडी

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या दक्षिणेला नदीकाठच्या वस्तीत पाक तुकिजान, म्हणजे आपले तुकिजानराव, सहा दिवस पंक्चर काढायचे आणि रविवारी न्यायाधीश व्हायचे. न्यायाधीश कवडा पक्ष्यांच्या घुमण्याच्या स्पर्धेचे. उंच खांबांवर पिंजरे चढायचे आणि खाली हे महाशय हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून उभे. घुमण्याची सुरुवात, मध्य, शेवट कानाने तोलायचे आणि खांबाशी झेंडी रोवायचे. पिवळी, हिरवी, फारच झालं तर निळी. सर्वोच्च मानाची लाल झेंडी बावीस वर्षं त्यांच्या खिशात घडी न मोडता पडून होती. पंक्चरसुद्धा ते ट्यूबला कान लावून शोधत. ती पाण्यात बुडवणं त्यांना कमीपणाचं वाटे.

अशा माणसाच्या घरचा कवडा मात्र मुका. पिल्लू असताना आणलेला, दोन वर्षांत हूं नाही की चूं नाही.

"न्यायाधीशाच्या घरात कोण तोंड उघडेल?" त्यांची बायको, इबू नगातिनी, म्हणजे नगातिनीबाई, म्हणायची. "मीसुद्धा लग्नानंतर गायले नाही."

शेजारची वेनिंग गिटारवर स्वतःची गाणी रचायची. त्यातली नऊ तिने मागच्या अंगणात बसून फोनवर ध्वनिमुद्रित केली होती. तिचे मित्र त्यांची कॅसेट काढणार होते, पण घोडं अडलं सातव्या गाण्यापाशी. त्यात मध्येच एक पक्षी घुमला होता. पुन्हा गा, असं मित्रांचं म्हणणं. तीनदा गाऊन झालं. गाणं स्वच्छ येई, पण जीव नसलेलं. उद्या सकाळी सगळं द्यायचं होतं, म्हणून संध्याकाळी ती पंक्चरच्या दुकानात आली.

"पाकढे," ती म्हणाली. वडिलांपेक्षा मोठ्याला तिकडे असंच म्हणतात. "हे गाणं पक्ष्यासकट ठेवू की गाळू? तुम्ही सांगाल ते."

"पक्ष्याचं सांगेन. मी माणसांचं ऐकत नाही."

"हे मी लिहून देते," इबू आतून म्हणाली.

तुकिजानांनी हात पुसले, पाठीमागे बांधले, डोळे मिटले. गाणं सुरू झालं. गाण्यातली आई नदीवर धुणं धुताना काहीतरी गुणगुणायची, त्याचे शब्द मुलगी विसरली आहे आणि शोधते आहे. शोधता शोधता ती एका श्वासापुरती थांबते. आणि त्या थांबण्यात पक्षी घुमला. लांब, गोल, शेवट अलगद मिटवून. मग गिटार पुढे गेली.

आतला मिरच्यांचा पाटा थांबला. तुकिजानांचा हात खिशात गेला. लाल झेंडी बाहेर आली आणि उलट्या टायरच्या भोकात रोवली गेली.

"असा आवाज असतो, हे नुसतं ऐकून होतो," ते हळूच म्हणाले. "कुणाचा गं हा?"

"तुमचाच."

"काय?"

"रविवारी तुम्ही स्पर्धेला, इबू बाजारात. मी भिंतीच्या अलीकडे, तो पलीकडे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलंच नसतं. आपल्या पक्ष्याला गुण द्यायचे नसतात ना!"

तुकिजानांच्या चेहऱ्यातली हवाच गेली.

"बावीस वर्षांची अब्रू!" इबू दारात आली. "आणि झेंडी घरच्याच कोंबड्याला!"

"कवडा आहे तो!"

"आता आला का पुळका?"

रोवलेली झेंडी उपटायची नाही, हा नियम. घरच्या पक्ष्याला द्यायची नाही, हाही नियम. तुकिजानांनी टायरकडे बघितलं, मग वेनिंगच्या फोनकडे.

"परत लाव," ते म्हणाले.

या खेपेला ते पहिल्यांदाच माणसाचं ऐकत होते. तिचा आवाज पुढे पुढे आला, हरवलेल्या शब्दांपाशी थांबला, आणि कवड्याने नेमकी तीच जागा भरली. तुकिजानांनी डोळे उघडले. ते ओले होते.

"दोन वर्षं त्याच्यापुढे उभा राहून मी गा, गा म्हणतोय. गाता गाता थांबून त्याला काही विचारणारी तूच पहिली." त्यांनी झेंडी सरळ केली. "ही त्याची नाही, तुझी. गाण्याला हात लावायचा नाही."

कॅसेट निघाली. सातव्या गाण्यापुढे छापलं होतं, 'वेनिंग आणि शेजारचा कवडा'. मालकाचं नाव तुकिजानांनीच खोडायला लावलं.

हल्ली ते सकाळी पिंजऱ्यापुढे उभं राहून सातव्या गाण्याची ओळ गातात. अत्यंत बेसूर. मग एक श्वास थांबतात.

कवडा डोळे मिटून पूर्ण ऐकतो. झेंडी त्याने अजून दिलेली नाही.